करवंटीतला पुदिना

आमच्या घरातून कुणाची वाटी रिकामी परत गेली, असं कधी झालं नाही. शेजारून काही खाऊ आला की ते भांडं घासूनपुसून ठेवायचं आणि त्यात आपलं काहीतरी घालूनच परत करायचं, हा आईचा नेम होता. माण तालुक्यातल्या तिच्या गावी हा नेम पाळायला फार काही लागत नसे. मूठभर शेंगा, गुळाचा खडा, दोन वांगी, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर. पण आबांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, ती दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये राहायला आली आणि तिची पंचाईत झाली. एका बाजूला केरळची अम्मिणी, दुसऱ्या बाजूला रोहतकची संतोष, आणि दोघींचेही हात सढळ. अम्मिणीकडून तांदळाच्या पिठाचा वाफाळता पुट्टू यायचा, संतोषकडून तुपात न्हालेला चुरमा. आबा तेव्हा हवालदार होते, पगारातला मोठा वाटा गावी जायचा, आणि महिनाअखेरीला आमच्या डब्यांत पीठ आणि डाळ सोडली तर खडखडाट असे. संतोषची वाटी घासून ओट्यावर उपडी ठेवलेली, आणि तिच्याकडे बघत गालाला हात लावून बसलेली आई, हे माझ्या लहानपणीचं पहिलं स्पष्ट चित्र आहे.

त्या दिवशी तिने अम्मिणीच्या कचऱ्यातली एक करवंटी उचलून आणली. मागच्या नळाखाली पुदिना माजला होता, त्यातली मुळं फुटलेली एक काडी मातीसकट तिने करवंटीत लावली, करवंटी संतोषच्या वाटीत ठेवली आणि मला पिटाळलं. संतोषने वाटीत डोकावून विचारलं, "यो के सै?" आईने पढवून पाठवलेलं वाक्य मी एका दमात म्हणून टाकलं, "आंटी, चुरमे का थैंक्यू है." संतोष अशी काही हसली की तिच्या डोक्यावरची ओढणी खाली आली. संध्याकाळी तिने ती करवंटी दाराशी खिळ्याला टांगली. मग अम्मिणीने स्वतःच करवंट्यांची पिशवी भरून आणली आणि आमच्या उंबऱ्यात ठेवून म्हणाली, "मेरे को भी चाहिए." तिथून पुढे आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत कुणी कुणाला औषध आणून दिलं, कुणी कुणाचं मूल सांभाळलं, की आईकडून एक करवंटी जायची. पैसे देऊ केले तर ती रागवायची.

करवंटी कशी करायची हे मी आजही डोळे मिटून सांगेन. नारळाला तीन डोळे असतात, त्यातला एकच मऊ. डोळ्यांकडची वाटी झाडासाठी घ्यायची, कारण मऊ डोळ्यात खिळा टोचला की पाणी निथळायला भोक आयतं मिळतं. दुसरी वाटी पाखरांच्या पाण्यासाठी. वरच्या शेंड्या उपटायच्या, मग काचेच्या तुकड्याने खरवडायचं, मग रेगमालने घासायचं. घासकागदाला दिल्लीत रेगमाल म्हणतात, आणि आमच्या घरात त्याला दुसरा शब्द कधी शिरलाच नाही. शेवटी मोहरीच्या तेलाचा हात फिरवला की करवंटी अशी काळीभोर चमकायची की हात लावल्यावाचून राहवत नसे. मग सुतळीची तीनपेडी वेणी घालून ती टांगायची. आईची खास करामत म्हणजे जोडकरवंटी. वर झाड, खाली पाखरांची वाटी, आणि वरच्या झाडातलं निथळलेलं पाणी थेंबाथेंबाने खालच्या वाटीत. माणमध्ये घागरभर पाण्यासाठी मैलभर चाललेल्या बाईला पाणी जमिनीत सांडलेलं बघवत नसे, त्यातून हे आलं असावं. खरवडण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि त्यात बोटांची सालटी निघायची. मी चालढकल केली की आई करवंटी उजेडात धरून एखादी राहिलेली शेंडी दाखवायची आणि म्हणायची, "हिला बुरशी धरेल. लोकांच्या दारात आपलं बुरसटलेलं टांगायचं का?"

आमच्या लाइनीत सगळं कसं एकसारखं होतं. क्वार्टरपुढची वीतभर बाग, तिला तिरप्या विटांची कड, एक वीट गेरूने रंगवलेली, एक चुन्याने. पहाटे बिगूल वाजायचा, मग आबांच्या बुटांची खाडखाड, मग पालमच्या विमानतळावर उतरणारं पहिलं विमान, त्याच्या घरघरीने ओट्यावरची भांडी आपापसात बोलायला लागायची. हिवाळ्यात आई मागच्या अंगणात चूल पेटवून बाजरीच्या भाकरी थापायची आणि तो वास गेला की संतोष भिंतीवरून ताट पुढे करायची. विटा रंगवून उरलेल्या गेरूने आई फुटक्या सुरईच्या खापऱ्यांवर झाडांची नावं लिहायची: ओवा, पुदिना, सदाफुली. चौथीनंतर तिला शाळेतून काढलं होतं, त्यामुळे एकेक अक्षर ती जपून काढायची आणि लिहून झालं की लांब जाऊन बघायची. तेलातुपाचे रिकामे डबे, कान तुटलेले कप, आबांचा फाटका गमबूट, सगळ्यांत काही ना काही उगवलेलं. आबांना हे फारसं पसंत नव्हतं. त्यांच्या मते फौजेत चांगली बाग म्हणजे शेजाऱ्याच्या बागेसारखी बाग. पण आईपुढे ते बोलायचे नाहीत, तो गमबूट ओळीतून बाहेर काढून त्यातलं झाड पाहायचे आणि पुन्हा जागेवर ठेवायचे.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण असं की मी आता गाझियाबादला नवव्या मजल्यावर राहते, आणि आमच्या सोसायटीतल्या बायकांनी परवा हाताने बनवलेल्या भेटींचं वर्कशॉप भरवलं. मला निवृत्त मास्तरीण म्हणून परीक्षक नेमलं. टेबलावर गोंदाच्या पिचकाऱ्या, प्लास्टिकचे डोळे, चमकी, आणि प्रत्येकीपुढे दुकानातून आणलेली, आधीच घासून गुळगुळीत केलेली करवंटी. माझ्या नातवाने विचारलं, "आजी, ये कोकोनट का बाउल है ना?" मी त्याला करवंटी हा शब्द शिकवला, तो त्याने दोन मिनिटांत टाकून दिला. बायका हौशी होत्या, कामं सुबक होती, मी सगळ्यांना शंभरपैकी नव्वद देऊन मोकळी झाले. पण एकीला विचारलं, "हे कुणाला देणार?" तर ती म्हणाली, "अभी सोचा नहीं, आंटी." मला उगाच राग आला. कुणाला द्यायचं हे ठरल्याशिवाय आमच्याकडे काच हातात घेतली जात नसे.

मी दहावीत होते तेव्हा आबांची बदली झाली. फील्डवर, म्हणजे सरहद्दीकडे, जिथे कुटुंब नेता येत नाही. दिवाळीनंतर क्वार्टर सोडायचं आणि आम्ही मायलेकींनी गावी जायचं, हे आबांनी जेवताना सांगितलं, आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे तालुक्याला जायचं तर एसटी, आणि मुलींना एसटीने शाळेत पाठवण्याची आमच्या घरात रीत नव्हती. थोरल्या काकांनी तर निरोपच पाठवला होता, पोरगी आली की एक चांगलं स्थळ आहे, बघून घेऊ. माझी तोवरची सगळी शाळा हिंदीतून झालेली, त्यामुळे गावाकडच्या बोर्डाची परीक्षा मला जमणार नव्हती, आणि मध्येच शाळा सोडली तर पुन्हा शाळेचं तोंड दिसणार नाही हे मला कळत होतं. मी ताटावरून उठले आणि मागच्या अंगणात जाऊन रडले. आई रडली नाही. तिने माझं उरलेलं जेवण झाकून ठेवलं आणि आबांना विचारलं, "परीक्षेपर्यंत क्वार्टर ठेवता येत नाही का?"

"येतं. अर्ज करावा लागतो. साहेबांच्या मर्जीवर असतं."

"मग करा की."

"मी आजवर कुणाकडे काही मागितलेलं नाही," आबा म्हणाले. "रजासुद्धा दिली तेवढीच घेतली. आता जाता जाता हात पसरू?"

आबांचा हा ताठा साऱ्या पलटणीला माहीत होता, आणि मला त्याचा अभिमानही होता. त्या रात्री मात्र मला तो ताठा मोडून चुलीत घालावासा वाटला.

क्वार्टरांचं काम ज्या मेजर साहेबांच्या हातात होतं, त्यांच्या मेमसाहेबांची आणि आईची थोडी ओळख होती. आदल्या वर्षी मला टायफॉइड झाला होता. मेमसाहेब बायकांच्या वेल्फेअरसाठी लाइनीत आल्या होत्या, त्यांनी माझी अवस्था पाहिली आणि स्वतःच्या गाडीतून मला मिलिटरी हॉस्पिटलात नेलं. ते उपकार आईच्या मनात वाटीसारखे उपडे पडून होते. साहेबांच्या बंगल्यावर जायचं कसं, या संकोचाने तिचे आभार राहून गेले होते. आता तिने ठरवलं, मेमसाहेबांनाच भेटायचं, आपली अडचण सांगायची, आणि इतके दिवस राहिलेली गोष्टही उरकून टाकायची. तिने आजवर केली नव्हती अशी जोडकरवंटी केली. वर पानओवा लावला, सुतळीची वेणी दोनदा उसवून पुन्हा घातली. खरवडायचं काम तिने या वेळी माझ्याकडे दिलं नाही.

मेमसाहेबांनी आम्हाला व्हरांड्यात बसवलं, चहा दिला, करवंटी हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिली आणि माळ्याला बोलावून तिथल्या तिथे टांगायला लावली. आईने तिच्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मैं साहब से बात करूंगी." परत येताना आई इतकी खुशीत होती की तिने कधी नव्हे ते मला रस्त्यावरची शकरकंदी घेऊन दिली. निखाऱ्यात भाजलेलं रताळं, वर लिंबू आणि काळं मीठ. आम्ही दोघींनी एकाच द्रोणात खाल्लं.

दुसऱ्या दिवशी आबांची पेशी झाली. फौजेत साहेबापुढे जाब द्यायला उभं करतात त्याला पेशी म्हणतात, आणि आबांच्या सगळ्या नोकरीत ती पहिलीच. साहेबांच्या टेबलावर आईची जोडकरवंटी ठेवलेली होती. साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "हवालदार, पहले डाली, फिर अर्ज़ी? मेरे यहां ये नहीं चलता." साहेबाला खूश करायला नेलेल्या भेटीला डाली म्हणतात, इंग्रजांच्या काळापासूनचा शब्द. आबांना तर आई बंगल्यावर गेली होती हेच माहीत नव्हतं. भर दुपारी ते सायकलच्या दांडीला करवंटी अडकवून लाइनीतून घरी आले. ओव्याची पानं दांडीवर घासून चुरगळली होती. सगळ्या लाइनीने पाहिलं. त्यांनी करवंटी ओट्यावर ठेवली आणि आईकडे न बघता म्हणाले, "सामान बांधायला घे."

"मी लाच दिली?" आईने विचारलं. "मी?"

आबा बुटांच्या नाड्या सोडायला लागले. आई पुन्हा म्हणाली, "अहो, पोरगी मरत होती. त्या बाईने गाडीत घातली. त्याचं होतं ते."

"मला माहीत आहे," आबा म्हणाले. "पण मागायला जाताना नेलंस. बघणाऱ्याला त्यातलं काय दिसणार?"

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी दोघांचाही राग आला, आणि साहेबांचा सगळ्यांत जास्त. आता इतक्या वर्षांनी वाटतं, साहेबांचं काही चुकलं नव्हतं. क्वार्टर मागणारे रोज दाराशी, कुणी तूप आणणार, कुणी बासमती. त्यात करवंटी वेगळी कशी ओळखू यावी? आणि आईचंही चुकलं नव्हतं. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की आभार आणि मागणं एकाच दिवशी, एकाच पिशवीतून न्यायचं नसतं, हे तिला शिवलंच नाही. आमच्या मुलखातल्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं.

पुढचे दिवस वाईट गेले. आई बागेकडे फिरकली नाही. अम्मिणीने भिंतीवरून हाक मारली तरी आत बसून राहिली. आबा शांतपणे ट्रंका पुसत होते. मी शाळेत जात होते, पण फळ्यावरचं डोक्यात शिरत नव्हतं, सारखं वाटायचं की हे सगळं कशाला, दिवाळीनंतर आपण इथे नसणारच. मग एका सकाळी आबा ड्यूटीवर गेल्यावर आईने न्हाऊन नवी साडी नेसली आणि मला म्हणाली, "वेणी घाल. दप्तर राहू दे. आज साहेब बायकांची गाऱ्हाणी ऐकतात."

"आई, आबा चिडतील."

"चिडू देत. चल."

निघताना सवयीने तिचा हात ओट्यावरच्या पिशवीकडे गेला. तिने तो मागे घेतला. मग दाराबाहेर पडल्यावर तिला हातांचं काय करावं ते सुचेना. पदर धरून पाहिला, एकमेकांत गुंफून पाहिले, शेवटी माझं मनगट घट्ट पकडलं. तशीच आम्ही ऑफिसापर्यंत चालत गेलो. आई उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या दारात हात हलवत निघाली होती, आणि ते तिला किती जड जातंय हे माझ्या मनगटाला कळत होतं.

साहेब अपेक्षेपेक्षा तरुण होते. त्यांनी नाव विचारलं, आबांचं नाव ऐकल्यावर त्यांच्या कपाळावर आठी आली. आईचं म्हणणं हिंदीत सांगायला मी पुढे झाले, तर तिने मला मागे ओढलं. दोन्ही तळहात तिने साहेबांपुढे उघडे धरले. बोटांवर काचेचे जुने चरे होते.

"साब, देखो. आज मैं कुछ नहीं लायी," ती म्हणाली. "वो नारियल मांगने का नहीं था. इसको बुखार था, मेमसाब ने गाड़ी दी, उसका था. वो देर से दिया, मेरी गलती. आज मांगने को आयी हूं. इसलिए खाली हाथ आयी."

साहेबांनी तिच्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी मला विचारलं, "कौन-सी क्लास?" मी सांगितलं. "पढ़ती हो या सिर्फ मां पढ़वाती है?" मी म्हटलं, "पढ़ती हूं, सर." त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि आईला म्हणाले, "अर्ज़ी हवालदार की तरफ से आनी चाहिए. कायदा है. वो लिखें तो मैं मार्च तक की सिफारिश करूंगा. बिना लिखे कुछ नहीं होगा."

बाहेर आल्यावर मला नाचावंसं वाटत होतं. आई मात्र रस्त्याकडेच्या पुलाच्या कठड्यावर बसली आणि तिथे पहिल्यांदा तिने डोळ्यांना पदर लावला. मी विचारलं, "आता कशाला रडतेस?" तर म्हणाली, "अजून तुझे आबा राहिलेत."

संध्याकाळी तिने आबांना काहीही न लपवता सांगितलं. आपण गेलो, काय बोललो, साहेब काय म्हणाले. मला वाटलं घर डोक्यावर घेतील. आबा भाकरी मोडून तशीच ताटात ठेवून बसले होते. मग म्हणाले, "तू तशीच गेलीस? काही न घेता?"

"काही न घेता."

हे ऐकून आबा हलले, हे मी पाहिलं. पेशी झाली तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. ते उठले, हात धुतले, ट्रंकेवरची चादर बाजूला करून कागद काढला आणि कंदिलाएवढ्या उजेडाच्या त्या बल्बखाली बसले. पेनचं टोपण काढलं. मग आईकडे बघून म्हणाले, "कारण काय लिहू?"

"खरं आहे ते लिहा. पोरीला शिकायचं आहे."

"तिला शिकायचं आहे, की तुला तिला शिकवायचं आहे?"

"मला," आई म्हणाली.

आबांनी मान खाली घातली आणि लिहायला लागले. मध्येच त्यांनी माझं शाळेतलं पूर्ण नाव आणि वर्ग विचारला, कारण तो त्यांना माहीत नव्हता. सकाळी इस्त्रीचा युनिफॉर्म घालून ते स्वतः अर्ज घेऊन गेले.

क्वार्टर मार्चपर्यंत राहिलं. आबा एकटेच फील्डवर गेले, आई आणि मी राहिलो, आणि मी परीक्षेला बसले. शेवटच्या पेपरच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर आई उभी होती. सोबतच्या मुलींच्या आया विचारत होत्या, पेपर कसा गेला, सोपा होता का, सगळं लिहिलंस का. आईने यातलं काही विचारलं नाही. माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि चालायला लागत म्हणाली, "आता अकरावीला कुठे राहायचं, ते बघू."